एक लाख चव्वेचाळीस हजारांचं एस्टिमेट आणि त्याआधीचे चार हजार

प्रश्न थोडक्यात असा. वाचक आडगावला राहतात, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. मार्च २०२१ ची सात आसनी डिझेल एसयूव्ही, ७८,००० किमी झालेली, वॉरंटी संपलेली. आधी इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आता डॅशबोर्डवर ‘६१० किमीनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही’ असा आकडा दिसतोय. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट जीएसटीसह १,४४,००० रुपये: डेफच्या (धूर शुद्ध करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रवाच्या) टाकीतलं पंप मॉड्यूल ६२,०००, दोन नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे) ५४,०००, डोसिंग इंजेक्टर १८,५००, मजुरी आणि सॉफ्टवेअर ९,५००. वर ‘कदाचित कॅटॅलिस्टही (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) लागेल’ असं तोंडी सांगितलंय. स्कॅनरवर दोनच कोड आले आहेत, पी२०ई८ आणि पी२०ईई. डेफ गेल्या एप्रिलमध्ये घेतलेल्या बादलीतलं, दिंडोरीच्या मळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं. हातात पगार ६८,०००, घराच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ५२,०००, एसआयपी ८,०००, आणि ७ टक्क्यांची ३ लाखांची एफडी. १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन काढून काम करावं, एका गॅरेजवाल्याने ३५,००० त सांगितलेलं ‘डेफ डिलीट’ (सॉफ्टवेअर बदलून ही यंत्रणाच बंद करणं) करावं, की आहे तशी ६,२०,००० ला (चालू असती तर ७,६०,०००) विकून सीएनजी गाडी घ्यावी?

उत्तर: आज यातलं काहीच करू नका. आधी निदानावर जास्तीत जास्त ४,००० रुपये घाला. तुमच्याकडे १,४४,००० चा निर्णय घेण्याइतकी माहितीच अजून नाही, आणि ती मिळवायला वेळ आहे. रोजचे जाऊन-येऊन ३० किमी धरले तर ६१० म्हणजे वीस दिवस. एवढंच लक्षात ठेवा की आकडा शून्यावर आला तर चालती गाडी रस्त्यात बंद पडत नाही, पण एकदा चावी फिरवून बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, मग टोइंगचा खर्च वेगळा. म्हणून आकडा १५० च्या खाली जायच्या आत तपासणी उरका. तोवर गाडी फक्त कामापुरती काढा, त्र्यंबक-सप्तशृंगी पुढच्या महिन्यात.

आता त्या दोन कोडचा अर्थ, कारण तुमचे पैसे तिथेच अडकलेत. डेफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. पंप ते दाबाने इंजेक्टरकडे पाठवतो, इंजेक्टर गरम सायलेन्सर पाइपमध्ये फवारतो, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टमध्ये तो नॉक्सचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो. पी२०ई८ सांगतो की डेफचा दाब कमी पडतोय. पी२०ईई सांगतो की नॉक्स पुरेसा कमी होत नाहीये. दाब कमी असेल तर फवारा कमी, फवारा कमी तर नॉक्स जास्त, म्हणजे दुसरा कोड पहिल्याचं पोर असण्याची शक्यता मोठी. नॉक्स सेन्सरचं सर्किट बिघडलं असतं तर पी२२०० किंवा पी२२९ई यांच्यासारखे कोड दिसले असते. ते नाहीत. म्हणून ५४,००० ची ओळ एस्टिमेटमध्ये का आहे, हे सर्व्हिस ॲडव्हायझरला कोड दाखवूनच विचारा. ‘सोबत बदलून घेतलेलं बरं’ हे उत्तर दहा रुपयांच्या वॉशरला चालतं, २७,००० च्या सेन्सरला नाही.

कॅटॅलिस्टचंही तेच. तो सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं: जळणारं इंजिन ऑइल, भेसळीचं डेफ, किंवा पाइपात साचलेली युरियाची खडी. डोस बरोबर पडतोय आणि दोन्ही नॉक्स सेन्सर खरं बोलताहेत हे सिद्ध होईपर्यंत कॅटॅलिस्टचं नावही काढू देऊ नका.

निदानाच्या चार हजारांत पुढचं सगळं झालं पाहिजे, आणि ते आधी बोलून घ्या. पहिलं, कोडची प्रिंट फ्रीज फ्रेमसकट. कोड पडला तेव्हा तापमान, वेग, डेफची पातळी किती होती ते त्यात असतं. दुसरं, बॅटरी. गाडी उभी असताना १२.५ व्होल्टच्या आसपास हवी. बॅटरी मेलेली किंवा अर्थिंग सैल असेल तर पंपाला पूर्ण ताकद मिळत नाही आणि दोष टाकीवर येतो. तिसरं, गाडी लिफ्टवर घेऊन टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची नळी आणि जोड बघायचे. डेफ गळतं तिथे पांढरी, मिठासारखी खपली धरते. ती दिसली की दाब कुठे जातो ते कळलं. कनेक्टरमध्ये खपली असेल तर ती कोमट डिस्टिल्ड पाण्याने विरघळते, ब्रशने खरवडायची नाही.

चौथं काम मुख्य. स्कॅनरवरून पंप चालवून दाब बघायचा. बऱ्याच कारमध्ये तो ५ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्यायचा. मग इंजेक्टर पाइपातून काढून मोजपात्रात धरायचा आणि स्कॅनरनेच डोसिंग टेस्ट लावायची. ठरलेल्या वेळात ठरलेलं माप पडलं पाहिजे, आणि फवारा धुक्यासारखा हवा. थेंब-थेंब किंवा वाकडी धार आली तर टोक चोंदलंय. हे टोक गरम पाण्यात भिजवून पुष्कळदा मोकळं होतं. बसवताना गॅस्केट नवीनच हवं. माप कमी आणि दाबही कमी, नळी कोरडी, व्होल्टेज ठीक, फिल्टर साफ, असं सगळं जुळलं तरच ६२,००० च्या पंप मॉड्यूलचा विषय निघतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती बादली. डेफसाठीच्या आयएसओ २२२४१ मध्ये साठवणीचा काळ तापमानावर ठरतो: २५ अंशांपर्यंत १८ महिने, ३० पर्यंत १२, ३५ पर्यंत फक्त ६. नाशिकचा मे महिना चाळिशी गाठतो, आणि पत्र्याखाली त्याहून वर. झाकण सैल राहिलं की पाणी उडतं आणि खडे बनतात. उष्णतेने युरियाचा अमोनिया होऊन ताकदही घटते. टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवाची तीव्रता दाखवणारं उपकरण) ठेवला की दोन मिनिटांत कळतं. ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या बाहेर गेलं तर टाकी रिकामी करून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, ताजं डेफ भरायचं. मजुरीसकट ५,००० धरा. ताजं भरताना डिझेलचं फनेल वापरू नका. डिझेलचा तेलकट थर रबरी सील फुगवतो आणि मग पंप खरंच बदलावा लागतो.

मळ्याचा उल्लेख आलाय म्हणून एक विचारून ठेवतो: कोणी द्राक्षाच्या खताचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतलेला नाही ना? दहा लिटर डेफमध्ये साडेतीन किलो युरिया असतो. ४५ किलोची अनुदानाची गोण साधारण २६६ रुपयांना, म्हणजे साडेतीन किलोचे २१ रुपये. हिशोब मोहात पाडणाराच आहे. पण खताचा युरिया नीमलेपित असतो, त्यात बाययुरेट (युरियातली एक अशुद्धी) आणि धातूंचे अंश असतात, ते कॅटॅलिस्टवर कायमचे बसतात. शिवाय रिफ्रॅक्टोमीटर इथे फसतो, कारण तो फक्त तीव्रता दाखवतो, शुद्धता नाही. असं झालं असेल तर मेकॅनिकला मोकळेपणाने सांगा. लपवलंत तर तो भलतेच भाग बदलत बसेल आणि पैसे तुमचे जातील.

नॉक्स सेन्सर तपासायची फुकट पद्धतही आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर लाइव्ह डेटा लावून लांब उतारावर गियरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्यायची. कसारा घाट उत्तम, पण चांदवडजवळचा उतारही चालेल. डिझेल बंद असताना नॉक्स तयारच होत नाही, त्यामुळे दोन्ही सेन्सर शून्याजवळ यायला हवेत. जो वरच अडकून बसला तो दोषी. मागचा सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो, म्हणून इंजेक्टर गळत असेल तरी त्याचं रीडिंग चढतं. म्हणजे इंजेक्टर आधी, सेन्सर नंतर.

आता पैशांकडे. सेन्सर आणि कॅटॅलिस्ट तपासणीत ठीक निघाले असं धरून वाईटात वाईट हिशोब: निदान ४,०००, टाकी धुणं आणि डेफ ५,०००, इंजेक्टर १८,५००, पंप मॉड्यूल ६२,०००, मजुरी-सॉफ्टवेअर ९,५००. एकूण ९९,०००. चांगल्यात चांगलं, टाकी धुऊन इंजेक्टर साफ करून भागलं, तर ९,००० च्या आसपास.

पर्सनल लोनचं गणित असं: १,४४,००० ला १४ टक्क्यांनी २४ हप्ते म्हणजे महिन्याला ६,९१४, एकूण व्याज जवळपास २१,९००, प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. तुमच्याकडे एफडी आहे, तर हे कशासाठी? पण ती मोडूही नका. महिन्याला ५२,००० खर्च असताना ३ लाख म्हणजे सहा महिन्यांनाही जरा कमी पडणारी गंगाजळी आहे. बँकेकडून एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. दर साधारण एफडीपेक्षा १ टक्का जास्त, तुमच्या बाबतीत ८ टक्के धरू. ९९,००० उचलून महिन्याच्या शिलकीतले ८,००० भरलेत तर तेरा महिन्यांत फिटतं आणि व्याज जातं सुमारे ४,७००. एसआयपी सात महिने थांबवून १६,००० भरलेत तर व्याज २,४००. सव्वादोन हजार वाचवण्यासाठी एसआयपी थांबवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मात्र तेरा महिने शिलकीत एक रुपयाही उरणार नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून बिल ६०,००० च्या वर गेलं तर एसआयपी निम्मी करा, खाली राहिलं तर हात लावू नका. मोटार इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नका. झिरो डेप असला तरी तो अपघातासाठी, यंत्र आपणहून बिघडलं तर त्यात बसत नाही. गाडी घेताना एक्सटेंडेड वॉरंटीचे पैसे बिलात लागलेत का, ते मात्र जुन्या फाइलीत बघा.

डिलीटबद्दल गॅरेजवाला एक गोष्ट खरी सांगत असेल: पीयूसी पास होते. डिझेलच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नॉक्स नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार चालत नाही, आणि प्रदूषणाच्या निकषांसाठी कलम १९०(२) मध्ये पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार तोट्याचा. ३५,००० जातात, कंपनीचं सॉफ्टवेअर उडवलेलं असतं, आणि विकताना स्कॅनर लावणारा गिऱ्हाईक ते पकडून किंमत पाडतो.

विकण्याचं. आहे तशी ६,२०,०००, चालू अवस्थेत ७,६०,००० हे तुम्हीच दिलेले आकडे. फरक १,४०,०००. वाईटात वाईट दुरुस्ती ९९,०००. म्हणजे विकायचीच असली तरी, या हिशोबाने, दुरुस्त करून विकलीत तर कमीत कमी ४१,००० जास्त मिळतात. साडेनऊ लाखांची सीएनजी घेऊन ३,३०,००० चं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षं काढलंत तर हप्ता ६,८५० आणि व्याज ८१,०००. शिलकीतले ८,००० जवळपास तिथेच संपले. दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेलचा नियम नाशिकला लागू नाही, त्या भीतीने घाई करू नका. तुमचा वापर मात्र डिझेलला पोषक नाही, हे मान्य. द्वारका, मुंबई नाका अशी सिग्नलची रांग काढत जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर बराच वेळ २०० अंशांच्या खाली राहतो. त्या तापमानाला डोस पडत नाही किंवा पडला तर खडी धरते. दर आठ-दहा दिवसांनी ओझर-पिंपळगाव बसवंतपर्यंत हायवेने अर्धा-पाऊण तास एका वेगात नेऊन आणा. पुढची गाडी घ्याल तेव्हा, तेरा महिन्यांनी ओव्हरड्राफ्ट फिटल्यावर, डिझेल सोडून बघा.

काम सुरू करायच्या आधी लेखी घ्या: कोणता भाग कोणत्या टेस्टच्या आकड्यावरून बदलला, बदलल्यानंतरचा दाब किती, जुने भाग परत मिळणार, सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्केच (२२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा दर गेला आहे). काम झाल्यावर नुसते कोड पुसून देतील, ते पुरत नाही. एससीआरचं (डेफवर चालणाऱ्या या धूर-शुद्धी यंत्रणेचं) ॲडॅप्टेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने शिकून ठेवलेली मापं, रीसेट करून, गाडी गरम करून, सिस्टमने स्वतःची तपासणी पास केल्यावरच तो किलोमीटरचा आकडा जातो. पैसे देण्याआधी त्यांच्या माणसाला शेजारी बसवून हायवेवर तीसेक किमी फिरून या, आणि परत आल्यावर स्क्रीनवर आकडा आहे की गेला ते बघा.