आधी सांग, पासपोर्ट कुठे आहेत?

दोह्याहून एका मुलीचं लांबलचक पत्र आलंय. वय माझ्या भाचीएवढं असावं, म्हणून अगं-तुगं करतेय, रागवू नकोस गं.

ती लिहिते, "मावशी, २०२५ च्या २३ जूनला इराणने इथल्या अल उदैदच्या अमेरिकन लष्करी तळावर मिसाइल्स सोडली तेव्हापासून माझी झोपच उडालीये. त्या रात्री आकाशात उजेड दिसत होता, धमाके ऐकू येत होते, एअरस्पेस बंद. नवरा म्हणतो काही होत नाही, दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं ना. पण परत तसं झालं तर? मुलीला शाळेत पाठवायचं का? सोनं इंडियाला पाठवून देऊ का? किती दिवसांचं रेशन भरू? सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्यात, त्या दिवसभर मराठी न्यूज चॅनल लावून बसतात आणि रडतात."

आणि मग अगदी शेवटी, जाता जाता, "बाकी पेपर्सची काळजी नाही. आमचे दोघांचे पासपोर्ट घरात आहेत, मुलीचा अमेरिकन पासपोर्ट ह्यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, तिचं ओसीआय (परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या माणसांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) पुण्याच्या बँकेत लॉकरमध्ये, सासूबाईंच्या पासपोर्टला अजून चार महिने आहेत, आणि आमच्याकडच्या श्रीलंकन बाईचा पासपोर्टही मीच माझ्या कपाटात सांभाळून ठेवलाय."

अगं, सोन्यावर चार ओळी लिहिल्यास आणि खरी काळजी करायची ती गोष्ट "काळजी नाही" म्हणून एका वाक्यात उरकलीस! मला बाकीचं काही दिसेचना.

माझा धाकटा दीर १९९० मध्ये कुवेतला होता. २ ऑगस्टला सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा त्याचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. तेव्हा सगळ्यांचेच तिथे असायचे, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मालक उन्हाळ्याच्या सुट्टीला देशाबाहेर, तिजोरीची किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, एअर इंडियाने अम्मानहून ४८८ फ्लाइट्स करून १ लाख ११ हजारांच्या वर माणसं आणली, १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण विमान अम्मानला उभं होतं, कुवेतला नाही! बसरा, बगदाद करत जॉर्डनपर्यंत माणसाने स्वतः पोचायचं, मध्ये वाळवंटात तंबू, पाण्याला रांग, आणि प्रत्येक चौकीवर एकच प्रश्न, कागद दाखव. ज्यांच्या हातात पासपोर्ट होते ते त्याच्या बिल्डिंगमधले लोक आधी निघाले. हा बताक्याची (कुवेतच्या ओळखपत्राची) झेरॉक्स घेऊन ॲम्बसीच्या दारात, तिथून प्रवासापुरता कागद मिळेपर्यंत थांबला. आमच्या सासूबाईंनी साताऱ्याला तेवढे दिवस एकवेळ जेवून काढले. शेवटी आला सुखरूप, पण आजही आमच्या घरात कुणी "पासपोर्ट ऑफिसात ठेवलाय" म्हटलं की हा माणूस ताटावरून उठतो.

तर आता तुझं एकेक बघू. मुलीपासून.

तुझ्या घरात दोन देश राहतात हे तुमच्या लक्षातच आलेलं नाही. तुम्ही दोघं भारतीय, पोरगी कागदावर अमेरिकन. २३ जूनला अमेरिकन ॲम्बसीने त्यांच्या लोकांना घरात थांबा म्हणून सांगितलं, आपल्या ॲम्बसीनेही तेव्हा घरातच राहा म्हटलं, पण पुढच्या वेळी पोरीसाठी एक निरोप आणि आईबापांसाठी दुसरा असू शकतो. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही गं, कितीदा लिहू! २०२५ मध्ये इराण-इस्रायलमधून आपली माणसं आणली त्या ऑपरेशन सिंधूत ओसीआयवाल्यांनाही बरोबर आणलं, हे खरं, पण तो त्या वेळचा निर्णय असतो, त्याच्यावर भिस्त ठेवून झोपायचं नाही. पोरीचं नाव अमेरिकेच्या स्टेपमध्ये (बाहेरदेशी असलेल्या त्यांच्या नागरिकांची सरकारी नोंदणी) नोंदव, फुकट आहे. आणि त्यांनी विमानाने काढलं तर भाड्याचे पैसे नंतर फेडीन अशी सही सहसा घेतात, तेही माहीत असू दे, नाहीतर तिथे उभं राहून नवऱ्याशी भांडत बसाल.

आणि ते ओसीआय पुण्याच्या लॉकरमध्ये कशाला? ते काय मंगळसूत्र आहे? अमेरिकन पासपोर्टवर मुंबईच्या विमानात बसायला ओसीआय किंवा व्हिसा लागतो, दोन्ही नसेल तर चेक-इन काउंटरवरूनच परत. म्हणजे गडबड झाली तर आईबाप इंडियाला जाऊ शकतात आणि आठ-दहा वर्षांची पोर नाही! पुढच्या महिन्यात येणाऱ्या कुणाच्या तरी हातून मागव. लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, अमेरिकन असो की आपला, त्यामुळे ते कधी संपले कळत नाही, तारीख आजच बघ. सोळाच्या आतल्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते, नवरा साइटवर अडकला असेल तर तेही अडतं. आणि ऑफिसचा ड्रॉवर! ऑफिस रात्री बंद असतं, हे काय मी सांगायचं?

सासूबाई. चार महिने आहेत म्हणतेस. सरळ दोहा-मुंबई विमान असेल तर चार महिने पुरतात. पण एअरस्पेस बंद असेल तर कतारमधून रस्त्याने एकच वाट, अबू सामरा, पलीकडे सौदी. तुम्ही दोघं रेसिडेंट, तुम्हाला सौदीचा टुरिस्ट ई-व्हिसा ऑनलाइन मिळू शकतो, त्यालाही पासपोर्ट सहा महिने शिल्लक असावा लागतो. सासूबाई रेसिडेंट नाहीत आणि पासपोर्ट चार महिन्यांचा, म्हणजे त्यांचं दुहेरी अडलं. २०२३ मध्ये सुदानमधून आपली माणसं आणली तीसुद्धा बहुतेक खार्तूमहून पोर्ट सुदान, तिथून जहाजाने किंवा विमानाने जेद्दा, मग भारत. त्याच गडबडीत खार्तूमच्या अमेरिकन ॲम्बसीने निघताना आतले कागद नष्ट केले, त्यात व्हिसासाठी दिलेले सुदानी लोकांचे पासपोर्टही गेले, बिचारे आपल्याच देशात अडकले. म्हणून म्हणते, वातावरण तापलेलं असताना पासपोर्ट कुठल्या व्हिसासाठी देऊन ठेवायचा नाही. रिन्यू करायचा तर शांत असताना, आत्ताच.

आता ती श्रीलंकन बाई. इथे मात्र मी रागावणार आहे. कंपनीने आपला पासपोर्ट ठेवला की आपण ग्रुपवर बोंब मारतो, आणि तिचा तुझ्या कपाटात, "सांभाळून". कतारच्या कायद्यात तिने स्वतः लेखी मागितल्याशिवाय तो तुला ठेवता येत नाही. उद्या तुम्ही घाईत निघालात, तिला तिच्या ॲम्बसीत जायचं असेल तर ती काय दाखवणार? आज संध्याकाळी तिच्या हातात दे. चहा पिताना दे, पण दे.

(सौदी-कुवेतच्या वाचकांनो, तुमचं वेगळं आहे. सौदीत एक्झिट री-एंट्री (बाहेर जाऊन परत यायची परवानगी) आणि कुवेतमध्ये १ जुलै २०२५ पासून खाजगी नोकरीवाल्यांना एक्झिट परमिट, म्हणजे नुसता पासपोर्ट हातात असून भागत नाही, कंपनीचा जो माणूस हे करतो त्याचा घरचा नंबर घेऊन ठेवा.)

सगळ्यांच्या झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवायच्या, एक तुझ्या पर्समध्ये, एक इंडियात भावाकडे. फोनमध्ये फोटो आहेतच म्हणशील. माझी पुतणी युक्रेनला मेडिकलला होती, २०२२ च्या फेब्रुवारीत बॉर्डरवर थंडीने फोनची बॅटरी बसली, प्लास्टिकच्या पिशवीतला कागदच कामाला आला. तिच्या कॉलेजातल्या मुलांना ॲम्बसीने १५ तारखेलाच शक्य असेल तर निघा सांगितलं होतं, बरीच मुलं लेक्चर बुडतील म्हणून थांबली, आणि २४ ला विमानंच बंद. निघा म्हटलं की कमर्शियल फ्लाइट चालू असतानाच निघायचं, सरकारी विमानाची वाट बघायची नाही.

बाकीचं भरभर सांगते. शाळा चालू असेल तर पोरीला पाठव. पाणी, औषधं, आठवडाभराचं कोरडं सामान आणि थोडी कॅश पुरे, पोतीच्या पोती तांदूळ नको. सोनं जिथे आहे तिथे राहू दे. न्यूज चॅनल दिवसातून अर्धा तास, रिमोट तुझ्याकडे.

शुक्रवार-शनिवार ॲम्बसी बंद असते. तेवढ्यात सासूबाईंचे नियमाप्रमाणे फोटो काढून घे, घरच्या अल्बममधला चालत नाही, फॉर्म ऑनलाइन भर, व्हिजिट व्हिसावर काय जास्तीचं लागतं ते ॲम्बसीच्या वेबसाइटवर बघ, आणि रविवारी सकाळी त्यांना घेऊन जा. गुडघे दुखतात म्हणाल्या तर माझं नाव सांग.