डॅम्प स्क्विब : ओलं माकुल नव्हे, सादळलेला फटाका

प्रश्न असा आलाय की एका परिषदेच्या बातमीत 'टर्न्ड आउट टु बी अ डॅम्प स्क्विड' असं वाचलं, डॅम्प म्हणजे ओलं आणि स्क्विड म्हणजे माकुल (समुद्रातला एक जीव), मग ओल्या माकुलाचा आणि परिषदेचा काय संबंध?

काहीच नाही :) माकुल ओलंच असणार ना, त्यात निराश काय व्हायचं! शब्द स्क्विब आहे, शेवटी ब. ही चूक तुमची एकट्याची नाही, खुद्द इंग्रज लोकही सर्रास स्क्विड म्हणतात, कारण स्क्विब हा शब्द एरवी कोणाच्या कानावर पडत नाही.

स्क्विब म्हणजे छोटा फटाका. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, ती दमट झाली की धड पेटत नाही, नुसतं फुस्स. तिकडे फटाके उडवायची मोठी रात्र ५ नोव्हेंबरची, १६०५ साली पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याची आठवण, आणि ब्रिटनमधला नोव्हेंबर कसला असतो ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही पाऊस लांबला की दिवाळीआधी फटाके गच्चीवर उन्हात टाकतातच की. त्यामुळे शब्दशः भाषांतर 'सादळलेला फटाका', आणि रोजच्या बोलण्यातलं 'फुसका बार'.

पण फुसका बार सगळीकडे चालतो असं समजू नका. आपण पोकळ धमकीलाही फुसका बार म्हणतो, पुरावे देतो देतो म्हणून काहीच न देणाऱ्या पुढाऱ्यालाही म्हणतो. डॅम्प स्क्विब मुख्यतः गाजावाजा होऊन ऐनवेळी फिक्या पडलेल्या गोष्टीला, म्हणजे फायनल मॅच, बजेट, शेजाऱ्यांची महिनाभर गाजत असलेली पार्टी वगैरे. आणि अपेक्षा आधी वाढलेली हवी, जिच्याकडून कोणी काही धरलंच नव्हतं ती गोष्ट फसली तर हा शब्द नाही चालत. मांडव कोसळून माणसं जखमी झाली तरी नाही, तो अपघात. इथे सगळं सुखरूप पार पडतं, फक्त मजा येत नाही.

अजून एक, स्वतःच्या मनःस्थितीला हे वापरू नका, 'आय ॲम अ डॅम्प स्क्विब' म्हणालात तर तुम्हीच फुसके ठरता. स्वतःला वाईट वाटलं तर ब्रिटिश माणूस 'गटेड' म्हणतो, मासा साफ करताना आतलं सगळं काढून टाकतात तसं, म्हणजे माकुलाचा संबंध आलाच तर तो इथे. फुटबॉलवाले हरल्यावर 'सिक ॲज अ पॅरट' असंही म्हणतात, पण त्याचं भाषांतर 'माझा पोपट झाला' असं करू नका हां, आपल्या पोपटात फजिती असते, त्यांच्या पोपटात नुसतं दुःख.