जीमेलची १५ जीबी जागा भरली तर विकत घ्यावी का? – आधी आमच्या पत्रिकेचं ऐका

विचारणाऱ्याचा प्रश्न असा आहे: जीमेलची फुकटातली १५ जीबी जागा भरत आलीय, पैसे भरून वाढवू का? आणि ईमेल, व्हॉट्सॲप, ड्राइव्ह रोजच्या कामात नीट कसं वापरायचं?

वाढवू नका. आधी घाण काढा.

हा प्रश्न धाकट्या भावाला दाखवणार होतो, पण तो परत सुरू होईल म्हणून फोन खिशात घातला. आमचा विट्यात छापखाना आहे. मुख्य काम लग्नपत्रिकांचं, मधल्या दिवसांत बिलबुकं. आमच्या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगलेली. त्यामुळे मॅटर गावातला आजोबा देतो, प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना कोइमतूरचा नातू बघतो आणि 'आमचं नाव खाली का टाकलं' म्हणून कोलकात्याहून मामा फोन करतो. सगळा कारभार व्हॉट्सॲपवर आणि मेलवर.

छापखान्याचं जीमेल खातं मी २००५ साली उघडलं. तेव्हा जीमेल आमंत्रणाशिवाय मिळत नव्हतं. पत्रिका छापणाऱ्यालाच पत्रिका लागली. लॉगिनच्या पानावर जागेचा आकडा सारखा वाढताना दिसायचा, आणि माझ्या डोक्यात कायमचं बसलं की ही जागा काही संपायची नाही.

२०२४ ची गोष्ट. तुळशीची लग्नं लागली आणि सीझन अंगावर आला. एका पत्रिकेचं मॅटर कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या आमच्या डीटीपीवाल्या पोरानं जुन्या फाईलवर लावलं. 'कै. अमुक यांचे नातू व श्री. तमुक यांचे चिरंजीव' या ओळीतली नावं बदलली, 'कै.' तसंच राहिलं. नवरदेवाचे आजोबा हयात. नुसते हयात नव्हे, रोज सकाळी डेअरीला दूध घालायला स्वतः चालत जाणारे.

पहिलं प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं, फोटो म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, बारीक अक्षरं पिठूळ होतात. घरात कुणाला काही दिसलं नाही. कोइमतूरच्या थोरल्या मुलानं पीडीएफ मागून घेतली, त्याला ते बरोबर दिसलं. त्यानं लाल खूण करून फाईल मेल केली. इकडे त्याच्या वडिलांचा फोन आला, तो धाकट्यानं घेतला. "पोरानं मेल टाकलाय, तेवढा बघून घ्या. बाकी ओके."

धाकट्यानं मेल उघडला. काही आलेलं नव्हतं. म्हणजे दुरुस्ती नाही, असं त्यानं धरलं आणि काम मशीनला लावलं.

मेल येणारच नव्हता. खातं काठोकाठ भरलं होतं, आणि भरलेल्या खात्यावर आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. परत गेल्याची इंग्रजी चिठ्ठी त्या कोइमतूरच्या पोराला आलीसुद्धा होती; त्यानं ती लग्न झाल्यावर वाचली. आमच्या स्क्रीनवर लाल पट्टी महिनाभर दिसत होती. ती मी बघत होतो, हेही सांगतो.

६०० पत्रिका गेल्या. पहिली देवापुढं ठेवायची म्हणून आजोबांनीच गठ्ठा सोडला, चष्मा लावून वाचली आणि दुकानात फोन केला. आवाज अगदी शांत. "मालक, अक्षता मी खालनं टाकू का वरनं?"

त्या रात्री आम्ही दोघं भाऊ आपापल्या बायकांना घेऊन 'श्री.'चे बारके स्टिकर चिकटवत बसलो. सकाळी आजोबा स्वतः आले, नखानं एक स्टिकर उचकटला आणि म्हणाले, "खाली मी मेलेलोच हाय की." सगळ्या परत छापल्या. नुसत्या कोऱ्या कार्डांचेच ८४०० रुपये गेले.

तेव्हापासून धाकट्याचं एकच पालुपद: "दादा, जागेचे वर्षाला १३०० वाचवायला गेलास." आणि माझं म्हणणं, मेल आला नाही तर कोइमतूरला फोन का नाही लावलास?

आता जागा कशानं भरली ते बघा, तुमचंही तसंच असणार. ते १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. जून २०२१ च्या आधी दाबून चढवलेले फोटो त्यात धरत नाहीत आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पर्यंत फुकट बसायचा. त्यानंतरचे फोटो आणि बॅकअप दोन्ही धरतात. आमच्या खात्यात ९ जीबी नुसता व्हॉट्सॲपचा बॅकअप निघाला, कारण धाकट्याचा फोन छापखान्याच्या खात्याला जोडलेला. त्यात सुप्रभातचे व्हिडिओ, कीर्तनाच्या क्लिपा आणि बैलगाडा शर्यती. शर्यतींना जागा कमी पडली म्हणून मी भाडं भरायचं?

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये मॅनेज स्टोरेज आहे. तिथं ५ एमबीच्या वरच्या फायली आणि खूपदा फॉरवर्ड झालेला माल वेगळा काढून ठेवलेला मिळतो. तो उडवा. मग चॅट बॅकअपमध्ये जाऊन व्हिडिओ बंद करा आणि लगेच नवा बॅकअप घ्या, नाहीतर जुनाच गाठोडं बांधून बसलेला असतो. मेलमध्ये शोधायच्या पट्टीत इंग्रजीत larger:10M असं मधे जागा न सोडता लिहा. १० एमबीच्या वरचे सगळे मेल समोर येतात. उडवल्यावर ट्रॅशही रिकामा करा. तो आपणहून ३० दिवसांनी रिकामा होतो आणि तोपर्यंत जागा अडवतो. माझ्या ओळखीतले निम्मे लोक इथंच अडकलेत.

पण खरा घोळ जागेचा नव्हताच, हे मी दोन वर्षं घसा फोडून सांगतोय. एका प्रूफच्या चार प्रती चार ठिकाणी फिरत होत्या: व्हॉट्सॲपवर फोटो, मेलवर पीडीएफ, पोराच्या कॉम्प्युटरवर 'फायनल नवीन २' आणि पेनड्राइव्हवर आणखी एक. हजार जीबी घेतले असते तरी चार प्रती चारच राहिल्या असत्या. व्हॉट्सॲपवर काम ठरवावं, ठेवू नये.

आता प्रूफ ड्राइव्हवर एकच. गिऱ्हाइकाला लिंक जाते. दुरुस्ती झाली की त्याच फाईलवर मॅनेज व्हर्जन्समधून नवी पीडीएफ चढवतो. लिंक तीच राहते, उघडेल त्याला ताजीच दिसते आणि घरच्या ग्रुपवर जुनं प्रूफ फिरत राहत नाही. जुनी आवृत्ती ड्राइव्ह साधारण ३० दिवस ठेवतं, वाद मिटवायला तेवढं पुरतं. फायलीच्या नावात 'फायनल' लिहायला दुकानात बंदी आहे. तारीख आणि आडनाव, बस. फोटो मागवायचा तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगतो, म्हणजे तो दबत नाही. आणि पास झाल्याचं लेखी आल्याशिवाय मशीन फिरत नाही. त्या मेसेजला स्टार मारून ठेवतो, सहा महिन्यांनी कुणी 'आम्ही असं म्हटलंच नव्हतं' म्हणालं तर दाखवायला. पाठवलेला मेसेज १५ मिनिटं बदलता येतो, म्हणून मी स्क्रीनशॉट काढायला १५ मिनिटं थांबतो. एवढा संशयी मी आधी नव्हतो.

फिल्टर, लेबल, ठरावीक वेळी आपोआप जाणारे मेल वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. मी फारसं वापरत नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. व्हिडिओ बॅकअपमधून काढले आणि फोन हरवला तर ते व्हिडिओ गेले. पोराबाळांचे असतील तर आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आणि गूगल फोटोजमध्ये शिरून फोटो उडवला तर तो फोनमधूनही जातो. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर फ्री अप स्पेस वापरा. हे मला आमच्या बायकोनं सांगितलं, सांगण्याची वेळ का आली ते विचारू नका. आयफोनवाल्यांचं गणित वेगळं; तिथं बॅकअप आयक्लाऊडला जातो आणि फुकट ५ जीबीच मिळतात.

आणि हो, घरच्या खात्याला मी अजूनही एक रुपया भरत नाही. धंद्याच्या खात्याला मागच्या दिवाळीत १०० जीबी घेतले. पत्रिकांच्या फायली वाढतात, गिऱ्हाइकाचा मेल परत जाऊन चालत नाही, त्याला इलाज नाही. त्या पावतीची प्रिंट धाकट्यानं कटिंग मशीनवर चिकटवलीय. लॅमिनेट करून.