घरी होते, बाहेर अडते

"इथं कुणी सर नाहीत का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या मुलाचा पहिला प्रश्न. नाहीत म्हटल्यावर तो परत निघालाच होता. मग म्हणाला, "जाऊ दे मॅडम, आता आलोय तर सांगतोच."

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 24, राहायला नाशिकचं सातपूर, जवळच अंबडच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. घरी लघवी अगदी व्यवस्थित होते. कंपनीच्या मुतारीत मात्र शेजारी कुणी उभं राहिलं की थेंब येत नाही. मागे कुणी ताटकळत असेल तर विचारूच नका. यावर त्याने स्वतःच उपाय काढला होता, शिफ्टभर पाणीच प्यायचं नाही. पुण्याला कंपनीचं ट्रेनिंग होतं, मुक्काम डॉर्मिटरीत, सामाईक बाथरूम. आई आजारी आहे सांगून तेही टाळलं. आई ठणठणीत होती.

युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरकडे, जाऊन आला होता. लघवीची तपासणी स्वच्छ, सोनोग्राफीत लघवीनंतर मूत्राशय जवळजवळ रिकामं. 'टेन्शनमुळे होतंय' असं सांगून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. त्याने ऐकलं ते वेगळंच: आपण नाटक करतोय. म्हणून आधी त्याला मूत्राशयाचं काम कसं चालतं ते समजावलं. माझ्या मते या तक्रारीत अर्धा गुण तिथेच येतो.

मूत्रपिंडांकडून लघवी सतत थोडी थोडी खाली उतरत असते, दिवसाला साधारण दीड लिटर. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. भरत जाते तशी तिची भिंत सैल पडते, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. 150-200 मिलिलिटरला पहिली जाणीव होते, 400-500 पर्यंत बहुतेकांना धरवतं. खाली दोन झडपा आहेत. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आतली आपल्या हुकमात नाही. बाहेरची ओटीपोटाच्या तळाशी, ती आपल्या ताब्यातली. मेंदूने होकार दिला की आधी ही बाहेरची झडप सैल होते, मग पिशवीची भिंत आकसते आणि आतलं तोंड उघडतं. म्हणजे सुरुवात जोर लावून होत नाही, सोडून देण्याने होते. झोपेसारखंच, आणायला गेलं की पळते.

आता 'कुणीतरी बघतंय' असं वाटलं की शरीर सावध होतं. जी मज्जायंत्रणा छाती धडधडवते, तीच मूत्राशयाला सांगते: साठव. तोंड बंद, भिंत सैल, खालचे स्नायू आवळलेले. अशा वेळी लघवी खरोखरच अडते. मनातली भीती आणि स्नायूंचं कुलूप, दोन्ही खरं.

"पण घाबरल्यावर तर लोकांची पँटीत होते," तो म्हणाला. हुशार पोरगं! जिवावर बेतलेल्या भीतीत मेंदूचा ताबाच सुटू शकतो. चारचौघांतल्या संकोचात उलट तो जास्त आवळला जातो.

आणि हे थोड्याफार प्रमाणात बऱ्याच पुरुषांत असतं. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मुतारीत संशोधकांनी वेळ मोजली होती. एकटा असताना लघवी सुरू व्हायला सरासरी 4.9 सेकंद, अगदी शेजारी माणूस उभा केल्यावर 8.4. (मोजायला शेजारच्या संडासात पेरिस्कोप लपवला होता. त्या आगाऊपणावर नंतर टीकाही झाली.) हे ऐकून तो पहिल्यांदा मोकळं हसला.

मग सराव. त्यासाठी विश्वासाचा एक माणूस लागतो. त्याने मामेभावाला सांगायचं ठरवलं, आणि सगळ्या उपचारात त्याला जड गेलं ते हेच सांगणं. भावाने आधी थट्टा केली, मग रविवारी हजर झाला. भरपूर पाणी पिऊन घरच्या बाथरूममध्ये जायचं, भाऊ हॉलमध्ये. जमलं की भाऊ दाराशी. पुढे मॉलमध्ये सकाळच्या निवांत वेळी, आधी दार लावून, मग उघड्या मुतारीत, भाऊ एक जागा सोडून. उभं राहिल्यावर श्वास सावकाश सोडायचा, पोट ढिलं टाकायचं. दोनेक मिनिटांत नाही झाली तर कुंथायचं नाही, चक्कर मारून परत यायचं. एखादी पायरी फसली की खालच्या पायरीवर. यात घाई केली की सगळं मुसळ केरात.

पाणी तोडणं मात्र पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं. कारखान्यात घाम गाळून वर तहान मारायची म्हणजे मुतखड्याला आमंत्रण.

घरीसुद्धा धार बारीक असेल, जळजळ असेल, लघवीत रक्त दिसत असेल, तर समुपदेशकाकडे येऊ नका, आधी डॉक्टर गाठा. पोट फुगून दुखतंय आणि कुठेच लघवी होत नाही, अशा वेळी तर रात्र असली तरी थेट दवाखाना.

हा मुलगा आता कंपनीच्या मुतारीत जातो, तेही जेवणाच्या सुट्टीत. नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवर दिवाळीच्या गर्दीत अजूनही दार असलेला कोपरा शोधतो. शोधू दे. पुण्याच्या पुढच्या बॅचसाठी त्याने नाव दिलंय.