अनुदानातून पुस्तक झालं, पण हक्क कोणाकडे?

शैक्षणिक साहित्यासाठी अनुदान मंजूर होतं तेव्हा मंजुरीपत्रात हल्ली एक ओळ हमखास असते: ‘या निधीतून तयार होणारं सर्व साहित्य मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावं.’ बऱ्याच संस्था ही ओळ अंतिम अहवाल लिहायला बसल्यावर वाचतात आणि मग घाईघाईने मला पत्र पाठवतात. या पत्रांतले प्रश्न इतके सारखे आहेत की निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्रच देते आहे.

आधी थोडक्यात खुलासा. मुक्त परवाना म्हणजे इथे क्रिएटिव्ह कॉमन्सचे (‘सीसी’) परवाने समजा: आपलं साहित्य इतरांनी कसं वापरावं हे हक्कधारकाने आधीच जाहीर करण्याचे ठरावीक नमुने. ‘सीसी बाय’मध्ये श्रेय देऊन कोणीही साहित्य वापरू, बदलू, विकू शकतो. ‘एसए’ जोडलं की बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. ‘एनसी’ जोडलं की व्यापारी वापराला मनाई. ‘एनडी’ जोडलं की बदललेली आवृत्ती वाटायला मनाई.

आमच्या पुस्तिकेला सीसी परवाना ‘रजिस्टर’ करून देतो म्हणून एक एजंट १५,००० रुपये मागतो आहे. द्यावेत का? (मुख्याध्यापिका, जळगाव)

एक रुपयाही देऊ नका. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याची कुठेही नोंदणी होत नाही आणि त्याला फी नाही. पुस्तिकेच्या आतल्या पानावर परवान्याचं नाव, आवृत्ती आणि त्याच्या मजकुराचा दुवा छापला की झालं. कॉपीराइटची सरकारी नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. ती ऐच्छिक आहे आणि पुस्तकासाठी तिची फी ५०० रुपये आहे. दोन्हींची सरमिसळ करून भोळ्या शाळांकडून पैसे काढणाऱ्यांची नावं मला कळवण्यापेक्षा तुमच्या शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

‘सीसी बाय’ दिल्यावर आम्हाला छापील प्रती विकता येतील का? (विज्ञान केंद्र, नाशिक)

येतील. मंजुरीपत्रात विक्रीबद्दल वेगळी अट नाही ना, एवढं पाहून घ्या.

आम्ही वाचनमालेची १२ पुस्तकं केली. लेखक, अनुवादक, चित्रकार सगळे बाहेरचे, मानधन व्हाउचरवर दिलं. अनुदान देणाऱ्यांना ‘सीसी बाय’ हवं आहे. अहवाल पुढच्या महिन्यात आहे आणि एक चित्रकार फोनच उचलत नाही. पैसे आम्ही दिलेत, म्हणजे हक्क आमचेच ना? (प्रकल्प समन्वयक, सातारा)

आपोआप नाही. हे उत्तर लांबेल, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक प्रकरणांची गाठ इथेच असते.

तुमचं व्हाउचर काढून समोर ठेवा. त्यावर तारीख, रक्कम, ‘चित्रांचं मानधन मिळालं’ एवढा मजकूर आणि रेव्हेन्यू स्टँपवर सही असेल. पैसे पोचल्याचा तो पुरावा आहे. हक्कांविषयी त्यात अवाक्षर नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क संस्थेकडे असतो, वेगळा करार नसेल तर. बाहेरच्या लेखकाने मानधन घेऊन लिहिलेल्या मजकुराचा हक्क मात्र लेखकाकडेच राहतो. अनुवादात दोन हक्क असतात, अनुवादकाचा आणि मूळ लेखकाचा, म्हणून परवानगीही दोघांची लागते. मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो किंवा चित्र यांच्यासाठी याच कलमात निराळी तरतूद आहे आणि तिथे हक्क काम करवून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. पण संगणकावर केलेली रेखाटनं, पात्रांची रचना, पानांची मांडणी हे सगळं त्या तरतुदीत बसेल असं गृहीत धरून १२ पुस्तकांचा प्रकल्प पणाला लावू नका.

आता कलम १९ पाहा. हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. ‘सीसी बाय’ जगभरासाठी असतो आणि कॉपीराइट संपेपर्यंत चालतो. म्हणजे एखाद्या संस्थेने चित्रकाराकडून ‘सर्व हक्क संस्थेस दिले’ असं एका ओळीत लिहून घेतलं असेल, तरी तिच्या हातात ५ वर्षांचा, देशापुरता हक्क असू शकतो आणि ती तो जगाला कायमचा वाटते आहे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना जमीन दान करण्यातला हा प्रकार आहे.

याला उपाय आहे आणि तो सोपा आहे, फक्त तो काम सुरू होण्यापूर्वी करायचा असतो. सगळे हक्क संस्थेच्या नावावर घेण्याचा अट्टहासही नको. चित्रकाराकडून एवढं लिहून घेतलं तरी पुरतं: ‘या पुस्तकासाठी मी काढलेली चित्रं सीसी बाय ४.० परवान्याखाली प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे. ही संमती जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आहे. चित्रांचा मूळ हक्क माझ्याकडेच राहील. माझं नाव पुढीलप्रमाणे छापावं.’ खाली नाव, सही, तारीख आणि चित्रांची यादी.

हा कागद पुढे करताना त्याचा अर्थही तोंडी समजावून सांगा. उद्या कोणी परगावचा प्रकाशक हेच चित्र श्रेय देऊन वापरेल, त्यावर पैसे कमावेल आणि तुम्हाला वेगळा मोबदला मिळणार नाही, हे चित्रकाराला सहीपूर्वी कळलं पाहिजे. मानधन ठरवताना त्याचा विचार झाला पाहिजे. गावाकडच्या होतकरू चित्रकाराला अंधारात ठेवून घेतलेली सही मला अजिबात मान्य नाही, मग साहित्य कितीही चांगल्या कामासाठी असो.

जो फोन उचलत नाही त्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर गप्प राहणं म्हणजे होकार असं धरू नका आणि त्याच्या नावाची सही कोणाकडूनही करून घेऊ नका. त्या पुस्तकातली चित्रं नव्याने काढून घ्या. वेळ नसेल तर ‘मजकूर सीसी बाय ४.०, चित्रांना हा परवाना लागू नाही’ असं आतल्या पानावर छापता येतं, पण त्याआधी अनुदान देणाऱ्यांची लेखी संमती घ्या. अहवालात दडवण्यापेक्षा आज कळवलेलं बरं. बाकीच्या ११ पुस्तकांचे कागद या आठवड्यातच पुरे करा आणि नमुना छापण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलांना दाखवा.

क्लासवाले आमच्या कृतिपुस्तिका छापून विकतील अशी विश्वस्तांना भीती वाटते. ‘एनसी’ लावू का? (शिक्षण संस्था, कोल्हापूर)

मंजुरीपत्रात ‘सीसी बाय’ लिहिलं असेल तर ‘एनसी’ लावणं हा अनुदानाच्या अटीचा भंग आहे. परवान्याची निवड पत्राने आधीच केलेली आहे, विश्वस्तांना ती बदलायची असेल तर अनुदान देणाऱ्यांशी लेखी बोलावं लागेल.

‘एनसी’मुळे नेमकं काय थांबतं याबद्दलही समज कमी आणि ऐकीव माहिती जास्त आहे. अमेरिकेतलं एक प्रकरण सांगते. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण खात्यासाठी ग्रेट माइंड्स या संस्थेने गणिताचा अभ्यासक्रम तयार केला आणि तो ‘बाय-एनसी-एसए’खाली खुला झाला. शाळांनी फेडेक्सच्या छपाईच्या दुकानांतून पैसे देऊन प्रती काढून घेतल्या, तेव्हा ग्रेट माइंड्सने फेडेक्सवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. वापर शाळांचा आहे, तो व्यापारी नाही आणि दुकान केवळ त्यांच्या सांगण्यावरून प्रती काढतं, असं न्यायालयाने धरलं. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण ‘एनसी’ लिहून तुम्ही तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सवाल्याला घाबरवाल, मग शिक्षक प्रती काढणार नाहीत आणि पुस्तिका मुलांपर्यंत पोचणार नाही, हा धोका इथेही खरा आहे.

विश्वस्तांची खरी काळजी संस्थेच्या नावाची असेल तर तिची सोय परवान्यातच आहे. तुमचा त्या क्लासला पाठिंबा आहे असं भासवायची मुभा कोणालाही मिळत नाही. बोधचिन्ह परवान्यातून वगळल्याचं स्पष्ट छापा. ‘एसए’ चालेल का हे अनुदान देणाऱ्यांना विचारा. त्याने विक्री थांबणार नाही, पण बदललेली आवृत्ती कुलूपबंदही करता येणार नाही.

मजकूर कोणी बिघडवू नये म्हणून ‘एनडी’ चालेल का?

नाही. युनेस्कोच्या २०१९ च्या शिफारशीत मुक्त शैक्षणिक साहित्याच्या व्याख्येतच रूपांतराची मुभा आहे. अनुवाद हेही रूपांतरच. ‘एनडी’ लावलं तर नंदुरबारच्या शिक्षकाला तुमचा धडा भिलीत करून वाटता येणार नाही.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं की शैक्षणिक कामासाठी इंटरनेटवरचं आणि पाठ्यपुस्तकातलं काहीही वापरलेलं चालतं. खरं आहे का? (शिक्षक, बीड)

असं सरसकट सांगणाऱ्याने कायदा वाचलेला नाही. कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रती काढायला सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (प्रकाशकांनी विद्यापीठ आणि तिथल्या झेरॉक्सच्या दुकानावर लावलेला दावा) दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिचा उदार अर्थ लावला आणि मला तो योग्य वाटतो. पण वर्गात वाटलेली प्रत वेगळी आणि जगभर कोणीही बदलावं, विकावं असं म्हणून प्रसिद्ध केलेलं पुस्तक वेगळं. दुसऱ्याचं चित्र आत ठेवून त्यावर ‘सीसी बाय’ छापायचा अधिकार ही सूट देत नाही.

बालभारतीचं पुस्तक पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतं म्हणून ते मुक्त परवान्याखाली आहे असं होत नाही. आतल्या पानावर सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे असल्याचं आणि लेखी परवानगीशिवाय उद्धृत करता येणार नसल्याचं छापलेलं असतं. मंडळाला पत्र लिहा. गूगलवर सापडलेल्या फोटोचा मूळ मालक आणि परवाना सापडला नाही तर तो फोटो काढून टाका.

जुन्या कवींच्या कविता घेता येतील का? बहिणाबाई, बालकवी, कुसुमाग्रज हव्या आहेत.

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता खुशाल घ्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली आणि मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत प्रकाशनापासून मोजतात. तीही २०१२ अखेर संपली. मात्र त्या पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणून प्रस्तावनेवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. ती उचलू नका. कुसुमाग्रजांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. लेखी परवानगी घ्या, आणि ती मुक्त परवान्यासाठी आहे हे परवानगीपत्रात शब्दशः असू द्या.

स्टोरीवीव्हरवरची गोष्ट बदलून घेतली. श्रेय कसं द्यायचं?

प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या या ऑनलाइन मंचावरच्या गोष्टी बहुतांशी ‘सीसी बाय ४.०’खाली आहेत, तरी प्रत्येक गोष्टीच्या शेवटचं श्रेयाचं पान पाहा. गोष्टीचं नाव, लेखक, चित्रकार, अनुवादक, मूळ दुवा, परवाना, आणि तुम्ही काय बदललं (‘शेवट बदलला, दोन चित्रं वगळली’) हे सगळं लिहा. ‘इंटरनेटवरून साभार’ हे श्रेय नव्हे.

मुळशीतल्या आजींकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. लोकगीतं सगळ्यांचीच असतात, मग परवानगी कशाला? (महाविद्यालयीन प्राध्यापक, पुणे)

ओवीचे शब्द परंपरेचे असतील, गळा त्या आजींचा आहे. गाणाऱ्या व्यक्तीला कायद्याने सादरकर्तीचा स्वतंत्र हक्क मिळतो आणि तो ५० वर्षं टिकतो. शिवाय कित्येक बायका परंपरेच्या चालीवर स्वतःच्या ओव्या रचतात, त्या रचना त्यांच्याच. त्यांना त्यांच्या भाषेत सांगा की हा आवाज कोणीही, कुठेही, पैसे कमावण्यासाठीसुद्धा वापरू शकेल. लिहिता येत नसेल तर घरच्या माणसासमोर संमती तोंडी रेकॉर्ड करा आणि अंगठ्याचा कागदही करा. ज्या नको म्हणतील त्यांची ओवी वगळा, कितीही गोड असो. अनुदान देणाऱ्यांना हे समजतं; अशा साहित्यासाठी सूट मागता येते. महाविद्यालयाच्या संशोधन नैतिकता समितीशीही बोला.

एकदा दिलेला परवाना मागे घेता येतो का?

नाही. तुम्ही स्वतः वाटप थांबवू शकता, पण ज्यांच्याकडे प्रत पोचली त्यांचा हक्क राहतो. म्हणून वरचे सगळे कागद छपाईच्या आधी लागतात.

पीडीएफ अपलोड केली, तरी अनुदान देणारे ‘संपादनयोग्य फाइल’ मागतात. आमचं डीटीपी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे. (वाचनालय, चिपळूण)

त्यांची मागणी रास्त आहे. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांचा खिचडा दिसतो, मग बदलायची परवानगी असून उपयोग काय? मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता जोडाक्षरं, रफार आणि ‘र्‍य’ डोळ्यांनी तपासा. फाँट ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा खुल्या परवान्याचा घ्या, म्हणजे तो फाइलसोबत देता येतो. मुद्रकाने मूळ फाइल द्यायला वेगळे पैसे मागितले तर आधी तुमची वर्कऑर्डर पाहा. फाइल द्यायचं त्यात लिहिलं नसेल तर या वेळी तडजोड करावी लागेल, पुढच्या वर्कऑर्डरमध्ये मात्र ते पहिल्याच कलमात घाला.