‘मी विसरलो’ आणि ‘मला आठवत नाही’

नाशिकमध्ये वकिली करणारे एक वाचक विचारतात: द्वारका चौकातल्या एका अपघाताच्या खटल्यात साक्षीदार उलटतपासणीत म्हणाला, ‘टेम्पोचा नंबर मला आठवत नाही.’ कागदावर मात्र उतरलं, ‘टेम्पोचा नंबर मी विसरलो.’ अर्थ एकच ना? आणि जाता जाता, गुन्ह्याच्या तपासात संशयितावर करतात त्या ‘ब्रेन मॅपिंग’ चाचणीला नेमका मराठी शब्द कोणता?

अर्थ एक नाही. ‘विसरलो’ म्हणणारा कबूल करतो की नंबर एकदा त्याच्या डोक्यात होता. ‘आठवत नाही’ म्हणणारा एवढंच सांगतो की आत्ता तो डोक्यात येत नाही. नंबर पाहिलाच नव्हता, की पाहिला पण मनात ठसला नाही, की ठसला आहे पण सापडत नाही, यातलं काहीच तो सांगत नाही. तसं सांगणं त्याच्या हातातही नसतं. ‘विसरलो’ हा शब्द मिळाला की समोरच्या वकिलाचा पुढचा प्रश्न तयारच: ‘म्हणजे तुम्ही नंबर वाचला होता तर!’

वाक्याची घडणच बघा. विसरणारा ‘मी’ असतो, आठवतं मात्र ‘मला’. मराठीत आठवण येते, होते; ती केली जात नाही. म्हणून कॉलेज रोडवर हल्ली उठता-बसता कानावर पडणारं ‘मी तुझी खूप आठवण करतो’ मला सहन होत नाही. ते हिंदीतल्या ‘याद करता हूँ’ला मराठी सदरा चढवणं आहे. ‘तुझी आठवण येते’ म्हणायला काय अडतं? ‘आठवून बघ’ म्हणता येतं, कारण प्रयत्न आपला असतो. आठवणं हे त्या प्रयत्नाचं फळ, आणि ते ‘मला’च येतं.

इथे स्पर्धा परीक्षांची गाइडं मध्ये येतात. ‘मला चंद्र दिसतो’ यात दिसणारा कोण? चंद्र! म्हणून चंद्र कर्ता. क्रियापद चंद्राच्या मागे जातं, तेवढ्यापुरतं ठीक. पण तिथेच थांबून ‘मला’ला वाऱ्यावर सोडायचं हे व्याकरण नव्हे, गुण मिळवण्याची युक्ती आहे. ज्याला दिसतं, रुचतं, पटतं, आठवतं, त्या अनुभव घेणाऱ्या माणसासाठी मराठीने ‘मला’ची वेगळी जागा राखली आहे. ती ओळखायला न शिकवल्यामुळेच ‘मला आठवत नाही’चं ‘मी विसरलो’ करताना कुणाचाही हात थबकत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. ‘विसरणे’ आलं ‘विस्मरति’पासून, प्राकृतातल्या ‘वीसरइ’मार्गे. ‘स्मृ’ धातूतला ‘म्’ वाटेतच गळाला. ‘स्मरण’ थेट संस्कृतातून घेतलं, म्हणून त्यात तो शाबूत राहिला. दोन्ही एकाच धातूची लेकरं.

पण ‘आठवणे’ या घरातलं नाही. त्यात ‘आठ’ हा आकडा शोधणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. माझं मत असं की तो ‘ठेवणे’चा सख्खा भाऊ आहे. ‘स्थापय’चं प्राकृतात ‘ठवेइ’ झालं, त्यापासून आपलं ‘ठेवणे’. त्याच ‘ठव’च्या आधी ‘आ’ लागला की ‘आठव’. म्हणजे आठवणं हे मुळात जागेवर आणून ठेवणं आहे. कुणी याला ओढाताण म्हणेल. म्हणू दे. ध्वनींचे नियम माझ्या बाजूने आहेत, आणि मेंदूचं विज्ञानही जवळपास तिथेच पोचलं आहे.

2000 साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर प्रयोग केला. एका आवाजापाठोपाठ विजेचा झटका देऊन त्यांनी उंदरांच्या मनात त्या आवाजाची भीती बसवली. पुढे तोच आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागात प्रथिनं तयार होणं औषधाने रोखलं. भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर भीती टिकून राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती नव्याने ठेवावी लागते. ‘आठव’ आणि ‘ठेव’ किती जवळ आहेत पाहा!

कच्च्या आठवणीत शब्द कसा शिरतो, हे वकिलांनी तरी ध्यानात ठेवावं. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या ‘धडकल्या’ म्हटलं तेव्हा सरासरी उत्तर आलं ताशी 34 मैल, ‘आदळून चक्काचूर झाल्या’ म्हटलं तेव्हा 40.8 मैल. अशाच दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? ‘चक्काचूर’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जण ‘हो’ म्हणाले. फितीत काच फुटलेली नव्हतीच. प्रश्नातल्या एका क्रियापदाने एवढं होत असेल, तर उत्तरातलं क्रियापद बदलायची मुभा कुणालाच नको. साक्षीदार जे बोलला, तेच त्याच्या शब्दांत लिहावं.

राहिलं ‘ब्रेन मॅपिंग’. ‘मेंदूचा नकाशा’ नको, कारण त्या चाचणीत नकाशा निघत नाही. डोक्याला इलेक्ट्रोड लावून, वाक्यं ऐकवताना किंवा चित्रं दाखवताना उठणाऱ्या विद्युत्-लहरी नोंदवतात. ‘मेंदूलहरी चाचणी’ म्हणा. एखादी गोष्ट माणसाला नुसती माहीत आहे की ती त्याने स्वतः अनुभवली आहे, हे त्या लहरींवरून ओळखता येतं, असा या चाचणीच्या एका प्रकाराचा दावा आहे. म्हणजे ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला आठवतं’ यांतला फरक. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सेल्वी खटल्यात ही चाचणी संमतीशिवाय करायला मनाई केली. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही. तिच्या मदतीने पुढे काही सापडलं, तर तेवढं ग्राह्य धरता येतं.