नळीवरच्या खाचा

इंदूर

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पन्नास मीटरच्या नेमबाजीच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलीच्या नळीवर लांबीच्या दिशेने खाचा पाडून घेतल्या, की ती हलकी होईल आणि नेमही सुधारेल, असे तुला कोणी सांगितले आहे. अशा खाचा पाडण्याने, म्हणजे फ्लूटिंगने, नळी ताठ होते असे सगळे म्हणतात. कशापेक्षा ताठ, ते मात्र कोणी सांगत नाही, आणि सारा घोळ तिथेच आहे.

सांवेर रोडवरच्या कारखान्यात माझी हयात लेथसमोर गेली, तेव्हा हिशेबच मांडतो. समज, नळीचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर आहे आणि तिच्यावर ६ मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर खोल अशा सहा खाचा ४०० मिलिमीटर लांबीपर्यंत पाडल्या. सुमारे २०० ग्रॅम पोलाद निघेल. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलत असल्यामुळे बाहेरच्या कडेचे पोलादच सर्वांत मोलाचे असते, आणि खाच नेमके तेच काढून नेते. म्हणून तुझ्या आजच्या नळीच्या तुलनेत त्या भागातला ताठरपणा चौथाईहून अधिक घटेल. आता तेवढ्याच वजनाची साधी गुळगुळीत नळी घेतली, तर तिचा व्यास २० मिलिमीटर भरतो, आणि तिच्यापेक्षा खाचांची नळी जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास ताठ ठरते. फायदा खरा आहे, पण तो एवढाच. तोही नवी नळी निवडणाऱ्याला मिळतो, हातातली नळी कापणाऱ्याला नाही.

पृष्ठभाग वाढल्याने नळी लवकर निवते हे बरोबर, परंतु पोलाद कमी झाल्याने ती तापतेही लवकर. तुझ्या काडतुसात दारू इतकी थोडी असते, की हा मुद्दा सोडून दिलेला बरा.

खरी भीती वेगळीच आहे. बटण, म्हणजे कठीण धातूचा ठोकळा, छिद्रातून ओढून आतले आटे पाडलेल्या नळीच्या पोलादात ताण दडून राहतो, आणि नंतर बाहेरून धातू कापला की तो सुटून आतले छिद्र किंचित फाकू शकते. तरुणपणी हौसेने मी एका कारागिराकडून अशा खाचा पाडून घेतल्या होत्या. पुढे शिशाची गोळी आतून ढकलून पाहिली, तर खाचा सुरू होतात तिथपर्यंत ती अडत होती आणि पुढे सैल सरकत होती. त्या नळीचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर गोळ्यांचा एकत्र पडणारा झुपका, पुन्हा कधी जुळला नाही. जाणते कारखानदार म्हणूनच खाचा आधी पाडतात, ताण घालवतात आणि आतले अखेरचे घासकाम शेवटी करतात. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे असे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते. ओळखीच्या मिलिंगवाल्याकडे नळी नेऊ नकोस.

पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, तेव्हा नळी स्थिर हवी. उभ्याने नेम धरताना पुढचे वजन नळीची थरथर आवरते, हे तू विसरतोस. ओझे डोंगर चढून वाहणाऱ्या सैनिकाला दोनशे ग्रॅम वाचले तर त्याचे मोल आहे. तुला रायफल गाडीतून रेंजपर्यंतच न्यायची आहे.

तरीही पुढचा भाग जड वाटत असेल, तर नळीवरची सुटी वजने काढून पंधरा दिवस सराव कर, एकाच लॉटची काडतुसे वापर, आणि वजनांसह व वजनांशिवाय मारलेल्या अशा दोन्ही लक्ष्यांचे कागद मला पाठव. तोवर नळीला हात लावू नकोस.

तुझा,
काका